तीस गुण आणि एक अक्षर: आयबीच्या एक्स्टेंडेड एसेची तपासणी

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या आंतरराष्ट्रीय मंडळाचा अकरावी-बारावीच्या पातळीवरचा डिप्लोमा घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक्स्टेंडेड एसे, म्हणजे दीर्घ संशोधन निबंध, लिहावाच लागतो. शाळांत सगळे त्याला ईई म्हणतात. एका विषयात स्वतः प्रश्न ठरवायचा, त्याचा शोध घ्यायचा आणि जास्तीत जास्त ४००० शब्दांत उत्तर मांडायचं. यासाठी साधारण ४० तास द्यावेत, अशी आयबीची अपेक्षा असते. निबंधाचे गुण शाळा देत नाही. तो ऑनलाइन आयबीकडे जातो आणि विद्यार्थ्याला कधीही न भेटलेला परीक्षक तो पडद्यावर वाचून गुण देतो.

निबंध कसा लिहावा यावर भरपूर सल्ले मिळतात. तो तपासणारी व्यवस्था कशी आहे, कशाला गुण देते आणि कुठे कमी पडते, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. मे २०२७ च्या परीक्षेपासून गुणांची योजना बदलते आहे. मोठ्या भावंडांच्या जुन्या फायली आणि जुनी ‘ए ग्रेड’ची उदाहरणं घराघरांत फिरत असतात, त्यामुळे बरीच मुलं नकळत जुन्याच योजनेसाठी लिहितात. म्हणून हे परीक्षण.

मत आधीच सांगून टाकतो. गुण मोजण्याची पट्टी चांगली आहे, आणि नवी पट्टी जुनीपेक्षा सरस आहे. तपासणीची शिस्तही भरवशाची आहे. निकाल सांगण्याची रीत मात्र एवढ्या मोठ्या कामाला न्याय देत नाही.

३४ चे ३० झाले, पण बदल चार गुणांपुरता नाही

जुनी योजना ३४ गुणांची. रोख आणि पद्धतीला ६, ज्ञान आणि आकलनाला ६, चिकित्सक विचाराला १२, सादरीकरणाला ४ आणि सहभागाला ६. नवी योजना ३० गुणांची. निबंधाची चौकट ६, ज्ञान आणि आकलन ६, विश्लेषण आणि युक्तिवादाचा धागा ६, चर्चा आणि मूल्यमापन ८, चिंतन ४.

जुन्या योजनेत चिकित्सक विचाराचा वाटा ३४ पैकी १२, म्हणजे साधारण ३५ टक्के होता. नव्या योजनेत विश्लेषण आणि चर्चा मिळून ३० पैकी १४ होतात, म्हणजे जवळपास ४७ टक्के. सादरीकरणाचा वेगळा निकष गेला. मांडणी, पृष्ठक्रमांक, संदर्भ देण्याची पद्धत हे सगळं आता चौकटीच्या सहा गुणांतला एक भाग आहे. आधी चार गुण नीटनेटकेपणातून जवळजवळ हमखास मिळायचे, ती सोय संपली. जो विद्यार्थी खरोखर विचार करतो त्याला नवी योजना जास्त देते. जो माहिती गोळा करून सुबक लावतो त्याला कमी देते. संशोधन निबंधाच्या परीक्षेत हेच व्हायला हवं होतं.

जुन्या मोठ्या निकषात एक अडचण होती. बारा गुणांच्या त्या एकाच खणात संशोधन, विश्लेषण, युक्तिवाद आणि मूल्यमापन असं सगळं कोंबलेलं होतं. विश्लेषण उत्तम आणि मूल्यमापन शून्य असेल तर परीक्षकाला मधला आकडा शोधावा लागायचा. आता दोन्ही वेगळे झाल्याने कुठे गुण गेले ते तरी उमगतं.

चौकट: सगळं प्रश्नावर येऊन थांबतं

चौकटीच्या निकषात तीन गोष्टी पाहतात: संशोधन प्रश्न, पद्धत आणि निबंधाची रचना. कागदावर हे फक्त सहा गुण. पण प्रश्न ढिला असेल तर पुढचे चौदाही हातातून जातात, कारण ढिल्या प्रश्नावर युक्तिवाद उभाच राहत नाही.

इतिहासाचं उदाहरण घेऊ. ‘महाराष्ट्रातल्या दुष्काळाचे परिणाम काय झाले?’ हा प्रश्न ४००० शब्दांत मावणारा नाही. कोणता दुष्काळ, कशावर परिणाम, कधीपर्यंत, काहीच ठरलेलं नाही. असा निबंध वर्णन करत जातो आणि परीक्षकाला विश्लेषणाच्या खालच्या पायऱ्यांवरच थांबावं लागतं. आता हा प्रश्न पाहा: ‘१९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्यामागे १९७०–७३ च्या दुष्काळाचा वाटा कितपत निर्णायक होता?’ इथे काळ ठरला, घटना ठरली आणि ‘कितपत’ या शब्दाने वादाला जागा झाली. वाद खराही आहे. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना दुष्काळाच्या आधीची, साठच्या दशकातली, आणि तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झालेला होता. मग दुष्काळाने योजना जन्माला घातली, की आधीच तयार असलेल्या योजनेला राजकीय बळ दिलं? कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. मधल्या काळाचं काय? या प्रश्नाच्या पोटातच चर्चेचे आठ गुण आहेत.

इतिहासात आणखी एक अट सांभाळावी लागते: गेल्या दहा वर्षांतल्या घटना आयबी इतिहास मानत नाही. करोनाकाळातल्या स्थलांतरावर लिहायचं असेल तर तो निबंध इतिहासात नोंदवू नका.

विषय आणि प्रश्न यांची जोडी चुकली तर किती नुकसान होतं, हे जुन्या योजनेत अगदी आकड्यांत लिहिलेलं होतं. नोंदवलेल्या विषयाला प्रश्न शोभत नसेल तर पहिल्या दोन निकषांत प्रत्येकी ४ पेक्षा जास्त आणि चिकित्सक विचारात ३ पेक्षा जास्त गुण देता येत नसत. उरलेल्या दोन निकषांत पूर्ण गुण पडले तरी एकूण २१ च्या पुढे जाता यायचं नाही. अर्थशास्त्रात नोंदवलेला पण प्रत्यक्षात एका कंपनीच्या जाहिरातींवर लिहिलेला निबंध असाच अडकायचा. नव्या योजनेतही ही चूक तेवढीच महागात पडते, कारण ज्ञान आणि आकलनाचे सहा गुण त्या विषयाच्या संज्ञा आणि संकल्पना नेमकेपणाने वापरल्यावर मिळतात. दुसऱ्याच विषयाच्या संज्ञांनी भरलेल्या निबंधाला तिथे काय द्यायचं?

दोन विषयांच्या सीमेवरचा प्रश्न असेल तर आता आंतरविद्याशाखीय मार्ग आहे. आधीचा ‘वर्ल्ड स्टडीज’ हा पर्याय गेला आणि त्याच्या जागी दोन आयबी विषय जोडून लिहिण्याची सोय आली. हा मार्ग सोपा समजून घेऊ नये. दोन्ही विषयांच्या पद्धती दिसल्या पाहिजेत. एका विषयाचा निबंध लिहून शेवटी दुसऱ्याचे दोन परिच्छेद चिकटवले, तर परीक्षकाला ते पहिल्याच वाचनात कळतं.

चौदा गुण कुठे हरवतात

विश्लेषण म्हणजे तुम्ही गोळा केलेल्या गोष्टींचं तुम्ही काय केलं. चर्चा आणि मूल्यमापन म्हणजे त्यातून निघालेल्या निष्कर्षावर किती भरवसा ठेवायचा आणि का. दोन्हींत फरक आहे, आणि मुलांचे सर्वाधिक गुण दुसऱ्यात जातात.

रसायनशास्त्रातलं उदाहरण इथे उपयोगी पडेल. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो तापवल्यावर उडतो. प्रश्न असा ठरला: ‘५०, ६०, ७०, ८० आणि ९० अंश सेल्सिअसला कोकमाच्या अर्कातल्या अँथोसायनिनच्या विघटनाचा वेग कसा बदलतो आणि त्यावरून सक्रियण ऊर्जा किती येते?’ सक्रियण ऊर्जा म्हणजे विघटन सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा. रंगाची तीव्रता मोजणारा कलरीमीटर बहुतेक शाळांत असतो. प्रत्येक तापमानाला ठरावीक वेळाने अर्क किती प्रकाश शोषतो ते, म्हणजे शोषण, मोजायचं, प्रत्येक मापन निदान तीनदा, जमलं तर पाचदा. विघटन फर्स्ट ऑर्डर, म्हणजे उरलेल्या रंगद्रव्याच्या प्रमाणात होणारं, धरून प्रत्येक तापमानाचा वेगस्थिरांक काढायचा आणि त्याचा लॉग तापमानाच्या व्यस्ताशी मांडून रेषेच्या उतारावरून ऊर्जा काढायची. इथवर नीट केलं तर विश्लेषणाचे गुण हाती येतात.

मग मूल्यमापनात मुलं काय लिहितात? ‘मानवी चुका झाल्या असतील. आणखी मापनं घेतली असती तर बरं झालं असतं.’ या दोन वाक्यांना जवळपास काहीच मिळत नाही, कारण ती कोणत्याही प्रयोगाला चिकटवता येतात. परीक्षकाला या प्रयोगाचे कच्चे दुवे हवे असतात. अँथोसायनिनचा रंग आम्लतेनुसारही बदलतो. आम्लता स्थिर ठेवणारा बफर वापरला नसेल तर मोजलेला बदल विघटनाचा की पीएचचा? ९० अंशाला उघड्या नळीतून पाणी उडून जातं आणि अर्क घट्ट होतो, त्यामुळे शोषण खरं असायला हवं त्यापेक्षा जास्त येतं. म्हणजे वेगस्थिरांक कमी दिसतो, आणि तो सर्वात उष्ण टोकाला कमी दिसत असल्याने रेषेचा उतार व सक्रियण ऊर्जाही कमी येते. नमुना बर्फात घालून विघटन लगेच थांबवलं नाही तर कलरीमीटरपर्यंत नेताना ते चालूच राहतं. चूक कोणत्या बाजूला ढकलते आणि साधारण किती, हे लिहिलं की मूल्यमापन वरच्या पायरीवर जातं. आलेल्या किमतीची अनिश्चितता काढून ती प्रकाशित किमतींच्या शेजारी ठेवली तर चर्चाही पूर्ण होते.

मानव्य विषयांत हेच काम स्रोतांच्या बाबतीत करायचं. वरच्या रोजगार हमीच्या निबंधात सरकारी अहवाल, विधिमंडळातली चर्चा आणि नंतरच्या अभ्यासकांचं लेखन या तिघांना सारखंच वजन देऊन चालत नाही. सरकारी अहवाल यशाचे आकडे का पुढे करतो आणि त्यात काय गाळलेलं असतं, हे निष्कर्ष मांडतानाच सांगावं लागतं. शेवटी ‘स्रोतांच्या मर्यादा’ असा वेगळा परिच्छेद लावला तर तो जोडलेला दिसतो. तेच मूल्यमापन युक्तिवाद चालू असताना, जिथे तो स्रोत वापरला तिथेच केलं तर दोन्ही निकषांत कामाला येतं.

युक्तिवादाचा धागा तपासायची एक साधी पद्धत आहे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य सलग वाचा. त्यातून प्रश्नाकडून उत्तराकडे जाणारी वाट दिसत नसेल, तर परीक्षकालाही ती दिसणार नाही.

शब्द मोजणीचा नियम, आणि तो न्याय्य का आहे

४००० ही वरची मर्यादा आहे आणि परीक्षक त्यापुढे वाचत नाही. ४३०० शब्द झाले तर शेवटचे ३०० कापले जातात, आणि शेवटी काय असतं? निष्कर्ष. निष्कर्ष वाचलाच गेला नाही तर युक्तिवाद अर्धवट राहतो. म्हणजे ३०० शब्दांची किंमत तीन-चार निकषांत चुकवावी लागते.

प्रस्तावना, मुख्य भाग, निष्कर्ष, अवतरणं आणि स्पष्टीकरणाच्या तळटीपा मोजल्या जातात. अनुक्रमणिका, तक्ते, आलेख, आकृत्या, समीकरणं, आकडेमोड, संदर्भांचे उल्लेख आणि संदर्भसूची मोजली जात नाही. ही यादी वाचून काहींना युक्ती सुचते: विवेचन तक्त्यात घालायचं. तसं करू नका. तक्त्याच्या खणात परिच्छेद लिहिला की तो विवेचनच असतो आणि परीक्षक तो तसाच धरू शकतो. परिशिष्टाचंही तेच. परीक्षकावर परिशिष्ट वाचण्याचं बंधन नाही. मुलाखतीचा सगळा मजकूर किंवा सगळी कच्ची मापनं तिथे ठेवायला हरकत नाही, पण ज्या आकड्यावर निष्कर्ष उभा आहे तो मुख्य भागात हवा.

किमान मर्यादा कुठे लिहिलेली नाही. तरी २८०० शब्दांत संपलेला निबंध बहुतेक वेळा चर्चेच्या निकषात उघडा पडतो. पहिल्या पानावर शीर्षक, संशोधन प्रश्न, विषय आणि शब्दसंख्या द्यायची. विद्यार्थ्याचं, शाळेचं नाव कुठेही नको. फाईलच्या नावात आणि पानाच्या माथ्यावरही नको. जुन्या उदाहरणांत दिसणारा सारांश २०१८ च्या परीक्षेपासूनच गेला आहे. तो अजूनही लिहिणारी मुलं आपलेच शब्द फुकट घालवतात.

हा नियम कठोर वाटतो, पण न्याय्य आहे. ज्याच्या घरी मदतीला माणसं आहेत त्याला ९००० शब्दांचा प्रबंध लिहवून घेता आला असता. मर्यादेमुळे सगळे एका रेषेवर येतात.

मार्गदर्शक आणि चिंतनाचे चार गुण

प्रत्येक विद्यार्थ्याला शाळेतला एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून मिळतो. आयबीने त्याच्यासाठी एकूण तीन ते पाच तासांची मर्यादा सुचवली आहे आणि त्यातच तीन सक्तीच्या भेटी येतात: एक सुरुवातीला, एक मध्ये आणि शेवटची निबंध पूर्ण झाल्यावर, जिला व्हायव्हा, म्हणजे तोंडी मुलाखत, म्हणतात.

मार्गदर्शक एकाच पूर्ण मसुद्यावर अभिप्राय देऊ शकतो. तोही ‘इथे पुरावा अपुरा आहे’, ‘हा दुवा कळत नाही’ अशा स्वरूपाचा. वाक्यं दुरुस्त करून देणं, परिच्छेद हलवून देणं हे नियमात बसत नाही. त्यानंतरची प्रत अंतिमच समजायची. म्हणून अर्धाकच्चा मसुदा घाईघाईने दाखवणं हा सर्वात वाईट सौदा आहे. एकच संधी, आणि ती शुद्धलेखनाच्या चुकांवर खर्च होते. मसुदा देताना तो पूर्ण असावा, निष्कर्षासकट. सोबत दोन-तीन नेमके प्रश्न लिहून द्यावेत. ‘कसा वाटला?’ असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं.

पालकांनाही हे सांगायला हवं. खासगी शिकवणीतला शिक्षक निबंध ‘सुधारून’ देतो तेव्हा तो विद्यार्थ्याचा उरत नाही. काम विद्यार्थ्याचंच आहे याची खात्री शाळेला द्यावी लागते आणि मार्गदर्शकाला शंका आली तर शाळा निबंध पाठवूच शकत नाही. एआयबाबतही हेच सूत्र. आयबीने अशा साधनांवर सरसकट बंदी घातलेली नाही, पण त्यातून घेतलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही स्रोतासारखा उल्लेखून द्यावा लागतो आणि तो विद्यार्थ्याचं स्वतःचं काम धरला जात नाही. विषयाच्या आयएसाठी, म्हणजे शाळेतच तपासल्या जाणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनासाठी, केलेलं काम पुन्हा ईईत वापरता येत नाही, हेही इथेच लक्षात घ्या. वरचा कोकमाचा प्रयोग एकदा रसायनशास्त्राच्या आयएत गेला की ईईसाठी तो संपला.

चिंतनाचे चार गुण वेगळ्या फॉर्मवरच्या जास्तीत जास्त ५०० शब्दांवर ठरतात. आधी याला सहा गुण होते आणि तीन भेटींनंतर तीन टप्प्यांत लिहायचं होतं. आता शेवटी एकच सलग निवेदन. गुण कमी झाले ते बरंच झालं. काय शिकलो ते सुंदर शब्दांत सांगण्याची हातोटी आणि प्रत्यक्ष शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या योजनेत पहिलीला जरा जास्तच मोल होतं.

या निवेदनात दिनक्रम लिहायचा नाही. ‘आधी वाचनालयात गेलो, मग सरांना भेटलो’ याला काही मिळत नाही. निर्णय कुठे बदलला, का बदलला, त्यातून संशोधनाबद्दल काय कळलं आणि ते दुसरीकडे कुठे लागू पडेल, हे लिहायचं. ‘पहिल्या फेरीत ९० अंशाची मापनं उलटसुलट आली, तेव्हा झाकण नसल्याने अर्क घट्ट होतोय हे लक्षात आलं आणि पूर्ण मालिका पुन्हा घेतली, आता कोणताही आकडा वाचताना तो कशाने फुगला असेल ते आधी पाहतो’, अशा एका वाक्यात अर्धं काम होतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून तारखा घालून वही ठेवलेली हवी. शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेलं चिंतन गुळगुळीत होतं.

परीक्षक कसा मोजतो

प्रत्येक निकषाला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचं वर्णन लिहिलेलं आहे. निबंध ज्या वर्णनाशी सर्वात जास्त जुळतो ती पायरी परीक्षक आधी निवडतो आणि मग त्या पायरीतला आकडा ठरवतो. गुण पूर्णांकातच. एका मुद्द्यात निबंध खाली आणि दुसऱ्यात वर असेल तर परीक्षक जिथे एकूण जुळणी जास्त तिथे बसवतो. चुका मोजून गुण कापत जाण्याची ही पद्धत नव्हे. आपल्याकडच्या बोर्डाच्या पेपरतपासणीची सवय असलेल्या पालकांना हे पटकन उमगत नाही. ‘एवढ्या चुका असून सहापैकी पाच कसे?’ असं ते विचारतात. विचार वरच्या पायरीचा असेल तर चार शब्द चुकल्याने तो खाली येत नाही.

परीक्षकांवर नजर ठेवण्याची सोयही नीट आहे. गुण देण्याआधी त्यांना सराव आणि पात्रतेचे नमुने तपासावे लागतात. त्यानंतर चालू कामात अधूनमधून असे निबंध येतात ज्यांचे गुण वरिष्ठ परीक्षकांनी आधीच ठरवलेले असतात. त्यांना सीड म्हणतात, आणि कोणता निबंध सीड आहे हे तपासणाऱ्याला माहीत नसतं. ठरलेल्या गुणांपासून परीक्षक ठरावीक मर्यादेपलीकडे घसरला तर त्याचं काम थांबवलं जातं. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाच्या हाती निबंध देताना हा मोठा दिलासा आहे.

या व्यवस्थेची कमजोरीही तिथेच. परीक्षक प्रयोगशाळेत नव्हता, मुलाखत घेताना नव्हता, व्हायव्हाला नव्हता. त्याच्यासमोर फक्त फाईल. जे कागदावर उतरलं नाही ते झालंच नाही. बोलण्यात हुशार आणि लिहिण्यात अडखळणाऱ्या मुलावर यात अन्याय होतो.

शेजारच्या दोन व्यवस्था पाहिल्या की हे आणखी उठून दिसतं. इंग्लंडमधल्या एक्यूए या परीक्षा मंडळाच्या ईपीक्यूत, म्हणजे तिथल्या स्वतंत्र संशोधन प्रकल्पात, निबंध साधारण ५००० शब्दांचा असतो, गुण शाळाच देते आणि मंडळ नमुने मागवून पडताळतं. कामाची नोंदवही आणि सादरीकरण यांना तिथे खरं वजन आहे. ५० पैकी २० गुण प्रत्यक्ष कामाला, बाकीचे ३० नियोजन, साधनांचा वापर आणि आढावा यांना प्रत्येकी १० असे. अमेरिकेच्या एपी रिसर्च या शालेय संशोधन अभ्यासक्रमात ४००० ते ५००० शब्दांच्या लेखाला ७५ टक्के आणि सादरीकरण व तोंडी बचावाला २५ टक्के. तोंडी बचावाला गुण देणारी कोणतीही पद्धत विद्यार्थ्याला जास्त ओळखते. आयबीत व्हायव्हा होते, पण तिला स्वतंत्र गुण नाहीत. बाहेरचा तटस्थ परीक्षक ठेवून ती उणीव भरून काढणं अवघड आहे हे मान्य. तरी व्हायव्हाला दोन गुण असते तर कॉपी आणि एआयच्या काळात ते फार उपयोगी पडले असते.

निकाल: एक अक्षर, आणि त्यापुढचं गणित

मार्चपर्यंत निबंध आयबीकडे जातो, जुलैच्या सुरुवातीला निकाल लागतो आणि विद्यार्थ्याच्या हाती ए ते ई यांतलं एक अक्षर पडतं. चाळीस तासांच्या कामाचं एवढंच उत्तर. निकालपत्रावर परीक्षकाची एक ओळही नसते. कोणत्या निकषात कमी पडलो हे कळल्याशिवाय पुढे विद्यापीठात तेच मूल तीच चूक करणार. प्रत्येक निकषाचे गुण आणि दोन वाक्यांचा शेरा सर्वांना आपोआप मिळायला हवा. या व्यवस्थेबद्दलची आमची सर्वात मोठी तक्रार हीच आहे.

अक्षर एकटं मोजलं जात नाही. ते टीओकेच्या, म्हणजे ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या सक्तीच्या विषयाच्या, अक्षराबरोबर जोडलं जातं आणि डिप्लोमाच्या एकूण ४५ गुणांपैकी दोघांचे मिळून जास्तीत जास्त ३ गुण असतात. दोन्हींपैकी एकात जरी ई पडली तर बाकी कितीही गुण असले तरी डिप्लोमा मिळत नाही.

रिमार्कसाठी, म्हणजे निबंध पुन्हा तपासून घेण्यासाठी, अर्ज करण्याआधी हे कोष्टक समोर ठेवा, कारण अनेक घरं इथे पैसे वाया घालवतात. टीओकेत ए असेल तर ईईच्या ए किंवा बीला ३ आणि सी किंवा डीला २. म्हणजे बीचा ए होऊन काहीच वाढत नाही. सीचा बी झाला तरच एक गुण. टीओकेत बी असेल तर ईईच्या एला ३, बी आणि सीला २, डीला १. इथे सीचा बी होऊन काही मिळत नाही, बीचा ए झाला तर मिळतो. टीओकेत सी असेल तर ए आणि बीला २, सीला १, डीला शून्य. टीओकेत डी असेल तर एला २, बीला १ आणि सी व डी दोन्हींना शून्य.

रिमार्कमध्ये श्रेणी खालीही येऊ शकते. म्हणूनच शाळेला विद्यार्थ्याची संमती आधी घ्यावी लागते. टीओके बी, ईई सी असा निकाल असेल तर रिमार्कने एक पायरी वर गेलात तर काही मिळणार नाही आणि एक पायरी खाली आलात तर एक गुण जाईल. अशा वेळी अर्ज करू नये. टीओके सी, ईई सी असेल तर एक पायरी वर म्हणजे एक गुण जास्त, एक पायरी खाली म्हणजे एक कमी. इथे आपला आकडा सीमारेषेच्या किती जवळ आहे ते शाळेच्या आयबी समन्वयकाला विचारूनच ठरवावं. ईईत ई पडली असेल तर श्रेणी आणखी खाली जायला जागाच नाही, तेव्हा जरूर अर्ज करावा. तो फसला तर पुढच्या सत्रात सुधारलेला किंवा नवा निबंध देता येतो, आणि त्यासाठी सहा विषयांच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागत नाहीत.